आमच्या राईची शीव आन माझी टाच

खरं सांगायचं तर त्या सकाळी माझा देवीवर इश्वास व्हता, पण देवीचा माझ्यावर असंल असं काय वाटत नव्हतं. आन त्यात तिचं काय चुकलं बी नसतं. माझ्यावर माझ्या बायकोचा इश्वास न्हाई, म्हशीचा न्हाई. मी चारा टाकला की म्हस आधी हुंगती, मग बायकोकडं बघती, बायकोनं मान हलवली की मग खाती. असल्या माणसाच्या गळ्यात आमच्या कळमजाईची राई आल्ती. समदी राई, तिच्या पोटातलं पाणी, आन त्या पाण्यावर जगणारी खालची वाडी. त्येच सांगायला बसलोय. मला लिवता येत न्हाई. मी सांगतो, सूनबाई लिवती. कुटं अक्षर हललेलं दिसलं तर समजा ती हसली.

आमची वाडी टाकव्याच्या वरल्या अंगाला, आंदर मावळात, डोंगराला टेकून बसलेली. आमी महादेव कोळी. वाडी कोळ्यांची, मी बी कोळीच, पण मी हितला न्हाई. मी घरजावई. त्यामुळं शेंबड्या पोरापासनं म्हाताऱ्यापर्यंत समदी मला दाजी म्हणत्यात. ह्यात मान कमी आन गंमत जास्त. आधी मी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात व्हतो. शेंगदाणं निवडायला बसवलं मला. मालक चार दिस बघत ऱ्हायला आन म्हणला, "तू निवडतोस का जेवतोस?" मग रिसॉर्टात वाचमन झालो. तितं पाव्हण्यांच्या आधी मीच झोपायचो. शेवटी हौसा, म्हंजी माझी बायको, म्हणली, "चला माझ्या बापाकडं. तितं निदान हसायला तरी कामी याल."

हौसाचा बाप म्हंजी आबा. राईचं भगत. वाडी त्येंना आबा म्हणती, मी बी आबाच म्हणतो. आबांचा बाप भगत, त्येचा बाप भगत. राई कुणी लावली ह्ये कुणालाच ठावं न्हाई. आमच्या वाडवडलांनी लावली न्हाई, फकस्त राखली. आत शिरायचं तर वहाणा भायेर काढायच्या. वाळकी काडी सुदीक घरी न्यायची न्हाई. आत सैपाक केला तर आतच खाऊन संपवायचा. निघताना अंगावरलं कापाड झाडायचं, न जाणो एकादं पान चिकटून यायचं. आईला, म्हंजी कळमजाईला, छप्पर न्हाई, तिला चालत न्हाई. वर जांभळी, अंजनी, हिरडा, आन मांडीयेवढा जाड गारंबीचा येल हितून तितं गेलेला. भर उन्हाळ्यात आत गेलं की कुणी पाठीवर वला हात ठेवल्यावानी वाटतं. शेकरू वरनं असं वरडतं, जसं काय आपण त्येची उधारी बुडवलीय. आन खालच्या अंगाला झरा. समदा मावळ वैशाखात टँकरची वाट बघतो तवा बी ह्यो झरा वाहतोय. आमची भातखाचरं त्येच्यावर, प्यायचं पाणी त्येच्यावर.

आता आमची एक रीत सांगतो, कारण पुढलं समदं तिच्यावर हाय. दरसाल भात झोडून झालं की आई तिच्या राईची शीव बघायला निघती. आबा तिचा टाक, म्हंजी पत्र्यावर ठोकलेली मूर्त, पाटीत घालून पाटी डोक्यावर घेत्यात. आईच्या पुढं एक माणूस वाट झाडत चालतो, उंबराच्या डहाळीनं. आईला पाठ दावायची न्हाई, म्हणून त्यो आईकडं तोंड करून उलटा चालतो. म्हंजी पाय मागं मागं, डोळं आईकडं, आन हात झाडतोय. शिवेवर दोघंच जायचं, बाकी वाडी आईच्या ठाण्यापाशी बसून ढोल वाजवती. मधी मधी शिवेचा दगड येतो, पाल्यात बुडालेला. तितं थांबायचं, पाला सारायचा, दगडाला शेंदूर लावायचा, तांदूळ टाकायचं, पुढं चालायचं. उलटं चालायला कुणी तयार व्हत न्हाई, कारण माणूस पडतो. तवा वाडी म्हणली, "दाजी हायत की! न्हाईतरी त्येंचं समदं उलटंच असतं." तवापासनं झाडणारा मी. दरसाल पडतो. परत आल्यावर पोरं माझ्या कापडावरलं डाग बघून वळखत्यात, औंदा कुटं कुटं पडलो त्ये. दगड कुटं हाय त्याची मला कदी फिकीर नव्हती. आबांच्या तोंडाकडं बघत चालायचं, त्ये थांबलं की आपण थांबायचं. झालं माझं काम.

असं चाललं व्हतं त्यात राईखालचा उतार शहरातल्या एका पार्टीनं घेतला. बंगलं बांधायचं व्हतं. घेतला तर घेतला, इकणारानं इकला. पण जेसीबी आला, माती ढकलली, तारंचं कुंपण वर वर सरकत आलं, आन एक दिवस बघतो तर झरा कुंपणाला टेकल्याला. त्येंचा म्यानेजर म्हणला, झरा आमच्या हद्दीत येतोय, राई तुमची वरती. आमी राईसाठी गावसभेतनं वनहक्काचा दावा घातलाच व्हता, म्हंजी राई वाडीच्या नावानं राखायची, इकायची न्हाई, तोडायची न्हाई. त्येची तपासणी करायला सरकारी माणसं येणार व्हती. त्यातल्या मॅडमनी आधीच समजावून सांगितल्यालं, "तुमच्या जुन्या शिवेच्या खुणा जागेवर दाखवा. दगड झऱ्याच्या खालच्या बाजूला सापडला तर झरा राईत. नाही सापडला, तर मी काही करू शकणार नाही." लय सरळ बाई. कुंपणाच्या आत झरा गेला असता तर वाडीनं काय प्यायचं, आन आईनं कुणाकडं बघायचं?

आन त्याच आठवड्यात आबा गोठ्यात घसरलं. खुबा मोडला. तळेगावला दवाखान्यात नेलं. मी उशाशी बसलो आन म्हणलं, "आबा, दगड कुटं कुटं हायत त्येवढं सांगा. सूनबाईला लिवून घ्यायला लावतो."

आबा म्हणलं, "मी काय सांगू जावईबापू? तुमाला ठावं हाय."

"मला? मला माझी चप्पल कुटं काढली त्ये ठावं नसतं."

"तुमी दावा. तुमाला ठावं हाय," येवढंच म्हणलं आन डोळं मिटलं. मला वाटलं इंजेक्शन बोलतंय. मी नर्सबाईला इचारलं बी, "औषीद जास्त तर झालं न्हाई ना?" ती म्हणली, "त्यांना काय नाही झालं, तुमीच घाबरलेले दिसता." खरं व्हतं. त्या रातीला मी जेवलो न्हाई. आता मी जेवलो न्हाई म्हंजी वाडीला समजलं, मामला गंभीर हाय.

तपासणीच्या सकाळी मी लेकाचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं, मिशीला बी लावलं. हौसा म्हणली, "लगीन हाय का कुणाचं?" म्हणलं, "सरकारी माणसाम्होरं जायचंय, पुढारी दिसाय पायजे." मॅडम आल्या, त्यांच्यासंगं मोजणीचं यंत्र घेतलेला एक जण, वनखात्याचं दोघं, पार्टीचा म्यानेजर काळा चष्मा लावून, आन मागं समदी वाडी. शिवेवर दोघंच जायची रीत, पण वाडीनं आईपुढं नारळ फोडून सांगितलं, "औंदा येळ वायली हाय, सांभाळून घे." मॅडमनी सांगायच्या आधी बूट काढलं. म्यानेजर राईच्या भायेरनंच चालत व्हता, बूट घालून.

मी छाती काढून समद्यांच्या म्होरं निघालो. वरातीतल्या घोड्यावानी. आईच्या ठाण्यामागचा पैला दगड समद्यांनाच ठावा व्हता, त्यो दावला. मॅडमनी लिवलं. मला वाटलं, अरं, ह्ये तर सोपं हाय. मग खालच्या अंगाला वळलो आन माझं ज्ञान संपलं. जिकडं बघावं तिकडं पाला, कारवी, करवंदीची जाळी. मी हाताची बोटं दावत दावत, "हितं असणार, हितंच असणार," करत समद्यांना कारवीत घातलं. यंत्रवाल्याचा शर्ट अडकला, एका फारेष्टवाल्याची टोपी करवंदीनं काढून घेतली. बाहेर निघालो तर समोर मोठा आंबा. मी म्हणलं, "ह्या आंब्यापासनं खाली." खाली गेलो, वर आलो, समोर त्योच आंबा.

म्यानेजर भायेरनं म्हणला, "काका, ह्या आंब्याला आपण परत परत भेटतोय. आता ओळख झाली, चहा तरी विचारा त्याला."

त्येचं बी बरोबर व्हतं. दुसरं कुणी असतं तर मीच असं म्हणलो असतो. तिसऱ्या फेरीला मी मुळीत अडकून पडलो, चांगला तोंडावर, लेकाच्या शर्टासकट. उठलो, दात काढलं, आन मागं बघितलं. कुणी हसलं न्हाई. आयुष्यात पैल्यांदा मी पडलो आन कुणी हसलं न्हाई. बाया पदर तोंडाला लावून उभ्या. माझा लेक खाली बघत व्हता.

मॅडम जवळ आल्या. म्हणल्या, "काका, घाबरू नका. पण ऊन कलायच्या आत मला लिहावं लागेल, जे दिसलं तेच." मी म्हणलं, "पाणी पिऊन येतो." आन झऱ्याकडं गेलो, एकटाच.

झऱ्याच्या पाण्यात माझं तोंड दिसलं. तेल लावलेल्या मिशीत पाला. मी आईला म्हणलं, "आई, तुझं चुकलंच. येवढी माणसं सोडून तू आबांचाच खुबा मोडलास आन मला ठेवलंस. आता माझ्याच्यानं व्हत न्हाई. राई तुझी, पाणी तुझं, वाडी तुझी. दगड बी तुझंच. मला काय बी ठावं न्हाई. तुला जे करायचं त्ये कर." आन मी रडलो. जोक करणारा माणूस रडला की लय वंगाळ दिसतो, म्हणून तोंडावर पाणी मारत रडलो.

"काय रं, काय सांडलं?"

बघतो तर पल्याडच्या कातळावर एक म्हातारी. हिरवं लुगडं इटलेलं, शेजारी रिकामी पाटी, तोंडात मशेरी. वाडीतली नव्हती. मी म्हणलं, "दगड सांडल्यात मावशी."

"दगड सांडत न्हाईत. माणसं सांडत्यात."

"शीव दावायची व्हती. सापडत न्हाई."

"कशी सापडंल?" ती मशेरी थुकली. "सकाळधरनं बघतीया. आईला पाठ करून पुढं पुढं पळतुयास, लाटसायबावानी. तुझं काम काय हाय?"

"माझं? झाडायचं."

"मग झाड की मेल्या!"

आन हसली. तोंडात एक दात न्हाई, पण असं हसली की मला बी हसू फुटलं. मी उठून पळतच सुटलो. तिचं नाव, गाव, काय बी इचारलं न्हाई. माझी अक्कल अशीच, जी गोष्ट इचारायची तीच ऱ्हाती.

येऊन वरडलो, "हौसे, आईची पाटी काढ!"

समद्यांना वाटलं, दाजीचं डोकं फिरलं. मी म्हणलं, "मी पुढारी न्हाई, मी झाडणारा हाय. आईला निघू दे, मी तिच्यापुढं उलटा चालतो, दरसालासारखा. सापडलं तर सापडलं." उंबराखाली पडलेली एक डहाळी उचलली. पण पाटी घेणार कोण? आबा तर खाटंवर. हौसा पदर खोचून पुढं झाली. तवा वाडीतलं एक जुनं आजोबा काठी आपटून म्हणलं, "बाईमाणसानं आईची पाटी घ्यायची?"

हौसा म्हणली, "तात्या, आई कोण हाय? बापईमाणूस हाय व्हय?"

वाडी अशी हसली की शेकरू गप झालं. तात्याबी हसलं. म्हणलं, "घे बाय, घे. तुझ्या तोंडाला कोण लागंल?" आन हौसानं आईचा टाक पाटीत ठेवला, हळद वाह्यली, पाटी डोक्यावर घेतली. मॅडम लिवायचं थांबवून नुसत्या बघत ऱ्हायल्या.

मी आईकडं तोंड केलं, वाकलो आन झाडायला लागलो. पाय मागं मागं. पैल्यांदा जरा लाज वाटली, सरकारी माणसांच्या म्होरं माझा पार्श्वभाग पुढारी झालेला. पण जरा येळानं त्ये बी इसरलो. समोर पाटी, पाटीत हळद, पाटीखाली माझ्या बायकोचं तोंड. कुटं चाललोय त्ये दिसत नव्हतं, आन न दिसल्यानं अंग हलकं झाल्तं. सकाळधरनं मी समद्या झाडांकडं बघत व्हतो, आता एका पाटीकडं बघत व्हतो. मागं कारवी आली, तिनं वाट दिली. मुळी आली, पाय आपसूक उचलला गेला. आन मग टाच थांबली. का थांबली, मला ठावं न्हाई. मी थांबवली न्हाई.

म्हणलं, "आई, थांब."

लेकानं पाला सारला. एक हात पाला, खाली माती, मातीखाली दगड. वर शेंदराचं पापुद्र्यावर पापुद्रं, भिंतीवरल्या चुन्यावानी. यंत्रवाला धावत आला. मॅडमनी दगडाला हात लावला आन म्हणल्या, "चला काका, चला." मग काय! वाडीचा आवाज फुटला. ढोल राखायला ठाण्यापाशी ठेवलेल्या पोरांना कुणीतरी वरडून सांगितलं, तसं ढोल सुरू झालं. मी मागं मागं, हौसा पुढं पुढं, आन आमच्या मागं समदी वरात. टाच थांबायची, दगड निघायचा. टाच थांबायची, दगड निघायचा. एका ठिकाणी मी उतारावर बसलोच, तर बाया म्हणल्या, "दाजी, हितं बी दगड हाय का तुमी सवयीनं बसला?" मी म्हणलं, "हितं सवयीनं." एका ठिकाणी झऱ्यात बसलो, कंबरेइतक्या गार पाण्यात. हौसाच्या डोक्यावरली पाटी हसून हसून हालायला लागली. ती म्हणली, "हसवू नका वो, आई पडंल!" भायेरनं चालणारा म्यानेजर चष्मा काढून डोळं पुसत व्हता. हसूनच.

झरा वलांडला. आता कोरडी जागा आली, आन माझ्या पाठीला तार लागली. कुंपण. मी थांबलो, पण टाच थांबली न्हाई. ती मागं ओढ घेत व्हती, खुट्याला बांधलेल्या वासरावानी.

म्यानेजर म्हणला, "काका, पुढे आमची हद्द आहे."

मी म्हणलं, "सायेब, मला पुढचं दिसत न्हाई. मी मागं चाललोय."

मॅडम म्हणल्या, "तपासणी आहे. बघू द्यावं लागेल." मग म्यानेजरनं काय केलं सांगतो. वाकला, सोताच्या हातानं खालची तार वर धरली आन म्हणला, "वाका काका. शर्ट फाटेल." मी वाकून पलीकडं गेलो. हौसा मातूर वाकली न्हाई, आईला वाकवायचं न्हाई. तवा त्येनं दोन माणसं बोलावून खांबच उपटला आन आईला वाट दिली.

पलीकडं जेसीबीनं लोटलेल्या मातीचा ढीग. टाच त्या ढिगावर चढली आन थांबली. पोरांनी फावडी आणली. माती उपसली, अजून माती, अजून माती. मी जागचा हललो न्हाई, पायाभोवतीनं मोकळं केलं तरी न्हाई. मनात म्हणत व्हतो, आई, न्हाई निघाला तरी चालंल, तू बोलावलंस मी आलो, बास. आन फावडं खणकन वाजलं. एक पोरगं वरडलं, "शेंदूर!" हौसानं पाटी खाली उतरवली आन त्या दगडावर डोकं ठेवून रडायला लागली. बापाची आठवण आली असंल. मी बी बसलो शेजारी. झरा आता आमच्या मागं व्हता, चांगला आत, आईच्या कुशीत.

म्यानेजर खाली बसला आन बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

मॅडमनी समदं लिवलं, वाडीच्या सह्या आन आंगठं घेतलं. मला म्हातारी आठवली. झऱ्यापल्याड गेलो, कातळ रिकामा. वाडीला इचारलं, कुणी बघितली न्हाई. मला वाटलं, रडण्यानं मला भास झाला. तर मॅडम म्हणल्या, "हिरव्या लुगड्यातल्या आजी ना? मी त्यांना सकाळी बिस्किटाचा पुडा दिला. म्हणाल्या, दात नाहीत, पाण्यात बुडवून खाईन." पुढं आमी आसपासच्या समद्या वाड्यांत इचारलं. अशी म्हातारी कुणाच्या वळखीची न्हाई. काय जण म्हणत्यात आईच व्हती. काय म्हणत्यात घाटापल्याडची कुणी पाटी इकायला आल्ली असंल. मी त्या वादात पडत न्हाई, आधीच लय पडलोय. बिस्कीट खाणारी व्हती, येवढं खरं. कुणाच्या तोंडानं बोलायचं, त्ये आई ठरवती.

काय म्हयन्यांनी राईचा हक्काचा कागूद वाडीच्या नावानं आला. झऱ्यासकट. म्यानेजरनं कुंपण खाली सरकवलं. आता कदी कदी त्येच्या म्हाताऱ्या आईला घिऊन दर्शनाला येतो, तिला हाताला धरून आणतो. आमच्या पोरापोरींनी राई राखायला पाळ्या लावल्यात. कागूद आला त्या दिशी राईत जेवाण घातलं, नव्या भाताचा भात, वालाची आमटी. आबांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं. आईपुढं टेकवलं. आबांनी हात जोडलं, मग मला म्हणलं, "सांगा जावईबापू, कसं घावलं?"

मी समदं सांगितलं. पडलो कुटं कुटं त्ये बी सांगितलं. आबा पोट धरून हसलं. मग मी म्हणलं, "आबा, दवाखान्यात तुमी सांगितलं असतं दगड कुटं हायत, तर माझी येवढी फजिती झाली नसती."

आबा म्हणलं, "मला ठावं असतं तर सांगितलं नसतं व्हय?"

"म्हंजी?"

"अवो, माझा बाप गेला तवा मला त्येनं काय दावलं नव्हतं. माझ्या डोक्यावर पाटी, वाकून पाला सारता येत न्हाई. मी तुमच्या पायाकडं बघायचो. तुमी थांबला की मी थांबायचो, तितं दगड असायचा. मला वाटायचं, जावई येडा दिसतो पण वळखून हाय."

मी म्हणलं, "आबा, मी तर तुमच्या तोंडाकडं बघायचो. तुमी थांबला की मी थांबायचो."

दोघं एकमेकांकडं बघत बसलो. येवढी सालं ह्यो त्येच्यावर भरवसा ठेवून चालला, त्यो ह्येच्यावर. दोघांना बी काय ठावं नव्हतं. आन दगड दर येळंला पायाखाली. आबांच्या डोळ्यात पाणी आलं, माझ्या बी. मग हळूहळू दोघं बी आईकडं बघायला लागलो. ती आपली बसल्याली, शेंदूर लावून, वर जांभळीची सावली, डोक्यावर पान पडल्यालं. कायच न केल्यावानी.

हौसा पत्रावळ घिऊन आली. म्हणली, "काय झालं वो दोघांना? जेवा, भात गार व्हतोय."

तवापासनं मी मनाशी एक धरलंय. मला शाळा न्हाई, मंत्र येत न्हाई, उपास तर मुळीच जमत न्हाई. पण आई, तू ज्येला शाणं केलंस त्येला म्होरलं बघू दे. मला न्हाई दिसलं तरी चालंल. शीव तुझी, तुला ठावं. आमी तुझ्याकडं तोंड करून वाट तेवढी झाडीत ऱ्हाऊ.